शेपटीवरचा माणूस

जेवताना वाढणाऱ्याला मी कधी 'बस' म्हणत नाही. पानावर हात आडवा धरतो. घरच्यांना ते जुन्या वळणाचं वाटतं. वाटू दे.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नागपूरला लहान विमानांचा मेकॅनिक होतो. हाताला यश आहे असं लोक म्हणत, त्यामुळे माझं नाकही जरा वरच असे. एकदा जंगलाची पाहणी करणाऱ्या विमानाबरोबर चांदा जिल्ह्यात, अहेरीजवळ गेलो. झाडं तोडून, दगड वेचून केलेली मातीची धावपट्टी. उतरताना पुढचं चाक मोडक्या वारुळावर आदळलं आणि थडथडायला लागलं. ते काढून पाहायचं तर विमानाचं नाक उचलायला हवं, आणि जॅक राहिला नागपुरात.

जॅकवाचून तसं अडत नाही. असलं विमान तराजूसारखं असतं. शेपटी दाबली की नाक वर येतं. मात्र क्रम चुकवायचा नसतो. मोठ्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावायचे. शेपटी दाबली की तिच्या खालच्या कडीला दोर ओवून तो जमिनीतल्या खुंट्याला आवळायचा. मगच नाकाखाली टेकूला लाकडी घोडी सरकवायची. हे मी कितीजणांना शिकवलं होतं! त्या दिवशी ओंडके लावले. खुंटा ठोकायला घेतला तर मुरूम कडक, दुपार कललेली, पायलट घड्याळ बघत उभा. मी म्हटलं, माणूस आहे ना, तो धरेल.

मदतीला जंगलातल्या गावाहून दोघे भाऊ आले होते. थोरला पन्नाशीचा, धाकटा तिशीतला. घरी गोंडी बोलायचे. थोरल्याला मराठी यायची ती साहेबलोकांच्या हुकमापुरती. धाकट्याचा कुऱ्हाडीवर हात असा, की सागाची घोडी त्यानं बघता बघता तासून दिली. त्याच हातावर दोघांची घरं चालत.

थोरल्यानं शेपटीच्या बुंध्याशी अंगाचा भार टाकला. नाक अलगद उठलं. धाकटा नाकाखाली गुडघे टेकून घोडीच्या माथ्यावर गोणपाटाची घडी सारखी करत होता, पत्र्याला चरा पडू नये म्हणून. हवी तेवढी उंची झाली आणि मी ओरडलो, "बस!"

पुरे, एवढंच म्हणायचं होतं. वर्कशॉपमध्ये दिवसातून पन्नासदा म्हणायचो. पण त्या माणसाला हा शब्द एकाच अर्थानं ठाऊक होता. साहेबासमोर उभं राहायचं, आणि साहेब 'बस' म्हणाला की लगेच खाली बसायचं. तो शेपटी सोडून जमिनीवर बसला. मांडी घालून, नीट.

नाक धाकट्याच्या हातावर आलं.

तो ओरडला नाही. ओरडला तो थोरला. आम्ही शेपटी दाबून हात सोडवला आणि बैलगाडीनं त्याला अहेरीला नेलं. विमान जागच्या जागी उभं होतं आणि ते उडू शकत नव्हतं, याची मला भयंकर चीड आली. चीड काढायला विमानाशिवाय दुसरं कोणी सापडत नव्हतं. डॉक्टरांनी उजव्या हाताची तीन बोटं काढली.

अहवालात मी लिहिलं, मजुराने शेपटी सोडल्याने अपघात झाला. त्यात एक शब्द खोटा नाही. दोराचा उल्लेख नाही, मी काय ओरडलो त्याचाही नाही.

अजून कुठं लोखंड लाकडावर आपटलं की माझा उजवा हात आपोआप खिशात जातो. स्वप्नात थोरला दिसतो, मांडी घालून पुढच्या हुकमाची वाट बघणारा. मला त्याची भीती वाटते, हे या वयात सांगायला हरकत नाही.

अपघातानंतर चौथ्या दिवशी चाक बसवून आम्ही निघालो, तेव्हा तो खरोखरच आला. हातात पानांच्या द्रोणात चारोळ्या होत्या.

"साहेब, तुमी बस म्हटलं, मले वाटलं बसाचं आहे," कुणाकडून तरी शब्द शिकून आल्यासारखा तो अडखळत म्हणाला. "मले तुमची बोली समजत नाई. माह्यामुळं माह्या भावाचा हात गेला. तुमाले बी तरास झाला. माफी करा."

चूक माझी, दोर मी बांधला नाही, एवढंच सांगायचं होतं. पायलटनं इंजिनही सुरू केलं नव्हतं. वेळ भरपूर होता.

मी चारोळ्या घेतल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, भाऊ. मी मनात नाही ठेवलं."