चष्मेवाल्यांच्या लेकीचा डावा डोळा

चष्मेवाल्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, डोळे राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते आधी त्याची डावी बाहुली पाहणार, मग उजवी, आणि मग कुठे ओळख पटणार. बसच्या थांब्यावर मान वाकडी करून पाटी वाचणाऱ्या परक्या माणसालाही ते म्हणत, "एकदा तपासून घ्या." बायको म्हणायची, हा माणूस स्वर्गात गेला तरी देवाला आधी डोळे तपासायच्या खुर्चीत बसवेल.

या वेडाला कारण होतं. त्यांची आई बोलताना नेहमी मान कलती धरायची. घरातले सगळे म्हणत, लाजाळू आहे. खरं तर तिचा एक डोळा हळूहळू विझत चालला होता आणि ती कुणाला सांगत नव्हती. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी दुसरा कुठलाही धंदा मनात आणला नाही.

अशा माणसाच्या लेकीनं एके दिवशी डाव्या डोळ्यावर केसांची झुलपं सोडली. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, कपडे काळे, नखं काळी, उरलेल्या डोळ्यात बोटभर काजळ. खोलीतून गिटार आणि कुणीतरी जीव तोडून ओरडल्याचे आवाज. बायकोनं चौकशी करून सांगितलं की याला इमो म्हणतात, दुःखाची गाणी असतात, पोरांची फॅशन आहे. चष्मेवाल्यांना ते पटेना. फॅशन असती तर दोन्ही डोळ्यांवर आली असती, असं त्यांचं म्हणणं. ज्याला एकाचे दोन दिसतात, तो आपोआप एक डोळा झाकतो, हे त्यांनी खुर्चीत कितीदा पाहिलेलं.

मग त्यांनी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. जेवताना पाण्याचा पेला मुद्दाम तिच्या डावीकडे सरकवला, तो लवंडला. डावीकडून किल्ल्या फेकल्या; त्या तिच्या खांद्यावर आपटल्या. आता केसांचा पडदा असल्यावर पेला दिसणार कसा, एवढं साधं त्यांच्या डोक्यात येईना. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तशातली गत. खुर्चीत बस म्हणाले, तर लेक उसळली. "तुला माझे केस खुपतात ना? मग सरळ तसं बोल."

खरी भीती त्यांना सांगवेना. बोललं की खरं होतं, असं वाटायचं.

एका रविवारी दुपारी वाचनालयामागच्या हॉलमध्ये तिचा गाण्याचा कार्यक्रम होता. बायकोनं त्यांना आणायला पाठवलं. दार ढकलून आत पाहतात तो काय, हॉलभर पोरं आणि झाडून सगळ्यांचा एकेक डोळा झाकलेला! कुणाचा डावा, कुणाचा उजवा. क्षणभर त्यांना साथच आल्यासारखं वाटलं. दाराशी तिकिटं फाडणाऱ्या मुलीला त्यांनी घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारलं, डोळ्याला काय झालंय?

"डोळ्याला काही नाही काका," ती शांतपणे म्हणाली. "मला दुःख आहे."

कसलं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. ते मागच्या खुर्चीत मटकन बसले आणि एकटेच हसत सुटले. स्टेजवर लेक ओरडत होती, आणि समोरची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून खुशाल रडत होती. गाणं संपलं की नाक पुसून पुढच्याची फर्माईश करत होती.

तरीही तिला घेऊन परतताना त्यांनी वाट वाकडी करून दुकान उघडलं. रविवारच्या रिकाम्या दुकानात, लेकीकडे न बघता, आजीच्या डोळ्याची सगळी हकिकत सांगितली. तिला ती कुणी कधी सांगितलीच नव्हती. ती खुर्चीत बसली, केस मागे घेतले, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तक्ता वाचू लागली. मोठी अक्षरं, मग बारीक, मग त्याहून बारीक. तळाची ओळ संपली तशी तिनं खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचून टाकलं, जे चष्मेवाल्यांना स्वतःला चष्म्यातूनही वाचता येत नसे.

त्यांच्या जिवात जीव आला. चष्मा काढून ते काच पुसू लागले. धूळ फार बसते म्हणाले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिले.

लेकीनं चष्मा त्यांच्या हातातून काढून घेतला. "रड ना बाबा," ती म्हणाली. "आमच्यात चालतं."

आई गेली तेव्हासुद्धा न रडलेला तो माणूस मग खुर्चीच्या दांडीला धरून पोटभर रडला, आणि लेक शेजारी उभी राहून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.