किटली मागणारी वेर्दा

मी कॅथलिक. जन्माची कॅथलिक, मरेन तीही कॅथलिकच. हे आधीच सांगून टाकते, कारण शेजारच्या परपंथाच्या मिशनच्या घरी दीड वर्ष माझं येणं-जाणं होतं आणि गावातल्या बायका कुजबुजायला लागल्या होत्या, "नेई तेकारा बाटली गं!" नेई म्हणजे आमच्यात बाई, आणि तेकारा मी. बाटली कसली डोंबलाची! त्यांच्या प्रार्थनेला मी एकदाही गेले नाही. मी जायची ती वेर्दासाठी.

वेर्दा आणि तिचा नवरा लॉरिन, दोघंही सत्तरीच्या पुढची. अमेरिकेत बटाट्याची शेती. ती थोरल्याच्या हवाली केली आणि मिशनचं काम करायला आमच्या बेटावर आली. या वयात माणूस चटईवर पडून नातवंडांकडून पाय चेपून घेतो. ही दोघं उजाडताच उठून अंगण झाडायची. म्हणजे झाडायचा तो, आणि ती मागून 'इथं राहिलं, तिथं राहिलं' करायची. मग पावसाचं पाणी उकळून गाळून ठेवायचं. मग तो सायकलवर टांग मारून कुणाची टाकी, कुणाचा सोलर दिवा दुरुस्त करायला, आणि ती मुलींना शिवण शिकवायला. ऊन उतरलं की हातात हात घालून किनाऱ्यानं फिरायची. सगळं गाव बघायचं. मी एकदा विचारलंच, "काय गं, पडतेस की काय?"

"पन्नास वर्षं धरलाय," वेर्दा म्हणाली. "आता सोडला तर हा हरवेल."

लॉरिननं आमच्या वाळूत बटाटे लावले. मी म्हटलं, "बाबा रे, इथं नाही व्हायचा बटाटा." ऐकेल तर शपथ! निघाले ते खेकड्याच्या डोळ्यांएवढे. तरी त्यानं ते उकडून, मीठ लावून, ताटलीत घालून मला आणून दिले. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या बाबाईच्या खड्ड्यात उतरवलं. बाबाई म्हणजे खड्ड्यात लावायचा आमचा अळूकंद. त्याला कोणता पाला कधी घालायचा हे घराबाहेर कुणी सांगत नाही. सख्ख्या जावेला सांगितलं नाही ते मी त्याला सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी गुडघाभर चिखलात उभा असायचा.

आता किटलीचं सांगते. वेर्दा आली तेव्हाच तिच्या किटलीवर माझा डोळा होता. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "वेर्दा, मी बुबुती करते, ही किटली मला दे." तिनं हसत दिली. आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर! "नेई तेकारा, चहा झाला असेल तर किटली नेऊ?"

मी कपाळावर हात मारला. "अगं बये, उसनी नव्हती घेतली! बुबुती म्हणून मागितलं की द्यायचं. नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही."

ती चपला काढून आत आली. मग म्हणाली, "मग मी बुबुती करते. किटली दे."

काय करणार? दिली. पुढे दीड वर्ष ती किटली या घरातून त्या घरात हिंडत राहिली, आणि तिच्यामागून आम्ही दोघी.

मग त्यांची मुदत संपत आली. माझा नवरा वारला, मुलगा जहाजावर, मुलगी परदेशात. वेर्दा गेल्यावर मी बोलायचं कुणाशी, डुकरांशी? माझ्या मनानं घेतलं: तिलाच मागायचं. आमच्यात मूल मागून दत्तक घेतात, मग म्हातारी का नाही?

खड्ड्याच्या काठावर बसून मी हे लॉरिनला बोलून दाखवलं. तो चिखलातून वर बघत राहिला. "तू मागितलंस तर ती राहील," तो म्हणाला. "आणि ती राहिली की मी कुठं जातो? पण घरी नात झालीय, नेई तेकारा. आठ महिन्यांची झाली. वेर्दानं अजून मांडीवर घेतलेली नाही."

"मला नको सांगू," मी फणकारले. "मागणार म्हणजे मागणार."

जायच्या आदल्या दुपारी वेर्दा आली. माझ्या चटईवर बसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझे दोन्ही हात धरले.

"आधी मी," ती म्हणाली. "मी बुबुती करते. मला थांब म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी खरंच थांबेन."

गुरूची विद्या गुरूला फळली! असा राग आला म्हणून सांगू. हात सोडवून घेतले, पाठ फिरवली, वाट्टेल ते बोलले. ती उठली नाही. रडत होती, पण उठली नाही. बुबुतीला नाही म्हणता येत नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? मीच ना!

"दिलं," मी म्हटलं. "जा. घे मांडीवर."

दुसऱ्या दिवशी विमान उतरलं. सगळं गाव फुलांच्या माळा घेऊन उभं होतं आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. लॉरिननं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, मी मागेन म्हणून. वेर्दाच्या काखेत ती किटली, फडक्यात गुंडाळलेली.

"काय नेई तेकारा," लॉरिन म्हणाला, "आज काहीच मागायचं नाही?"

किटली मागते म्हटलं असतं तर तोंडून भलतंच निघालं असतं. मी मला ओळखते.

"नाही," मी म्हटलं. "आज काही नको."

वेर्दानं मला घट्ट मिठी मारली, मग त्याचा हात धरून शिडी चढली. विमान ढगात जाईपर्यंत मी उभी होते. त्या दोघांकडून मी पहिल्यांदाच रिकाम्या हातानं घरी आले.