पप्पांची ऑटोमॅटिक आणि तिसऱ्या गिअरचा झटका

मागच्या शनिवारी सकाळी चिखलीतल्या एका गॅरेजमध्ये माझी बोलती बंद झाली. आठ दिवस झाले, अजून नीट सावरलेले नाही... म्हणून लिहितेय.

पप्पांकडे चौदा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. कंपनीत प्रेस मशीनपाशी माल तपासताना अपघात होऊन त्यांचा डावा गुडघा कायमचा गेला, तेव्हापासून क्लच दाबणं बंद झालं. ही गाडी सेकंडहँड घेतली आणि पप्पा पुन्हा आपले आपण हिंडायला लागले. भाजी, आईचा दवाखाना, रविवारी विहारात वंदनेला जाताना सोसायटीतल्या दोन आजी मागच्या सीटवर... गाडी गेली तर हा माणूस रहाटणीच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून राहील, ही भीती आम्हा सगळ्यांनाच होती.

दिवाळीनंतर गाडी झटके द्यायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जायची, लगेच परत दुसऱ्यात यायची आणि इंजिन उगाच ओरडायचं. दोन गॅरेजवाल्यांनी तर चालवूनही न बघता सांगितलं, गिअरबॉक्स गेला, विकून टाका.

पप्पा तीस वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात होते, ते असं कुणाचं ऐकतात होय. त्यांनी वही केली. तारीख, रस्ता, इंजिन गार की गरम, झटका कितव्या गिअरला... रोज घरी आले की आधी वही, मग चहा.

मला त्या वहीचा वैताग यायचा. मी स्वतः दोनदा गाडी चालवली, एकदाही झटका बसला नाही. मग मी सरळ म्हणून टाकलं, पप्पा, तुमच्या मनाचे खेळ आहेत हे. ते वही घेऊन आत निघून गेले.

शेवटी कुणीतरी चिखलीच्या दत्ताभाऊंचं नाव सुचवलं. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. त्यांनी गाडी गरम केली, इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि वास घेतला. तेल लालसर होतं, जळका वास नव्हता. स्कॅनर लावला, त्यातही काही फॉल्ट नाही. स्वतः एक चक्कर मारून आले, गाडी लोण्यासारखी चालली.

मग त्यांनी वही मागितली. स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचली... आमच्या घरात कुणी एवढी वाचली नव्हती. दोन ओळींवर त्यांचं बोट थांबलं. दोन्हीकडे पप्पांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "मुलीने चालवली. झटका नाही."

दत्ताभाऊंनी पप्पांकडे बघितलं. "काका, आता तुमी चालवा. ताई, तुमी मागं बसा."

स्पाइन रोडला लागलो आणि गाडीने झटका दिला. दत्ताभाऊंच्या मांडीवर स्कॅनर होता. ॲक्सिलरेटर किती दाबला जातोय याची रेघ स्क्रीनवर वर-खाली नाचत होती. पप्पा मात्र शपथेवर सांगत होते की पेडल एका जागी धरलंय.

दत्ताभाऊंनी गाडी कडेला घ्यायला लावली. खाली उतरले, पप्पांच्या बाजूचं दार उघडलं आणि रस्त्यावर उकिडवे बसले. पप्पांच्या उजव्या पायातली चप्पल त्यांनी स्वतःच्या हाताने काढली.

"काका, समोर बघा. मी कुटलं बोट धरलंय सांगा."

पप्पा समोर बघत म्हणाले, "अहो, धरा की आधी."

दत्ताभाऊंनी अंगठा धरला होता. चांगला घट्ट धरला होता... मला मागून स्पष्ट दिसत होतं.

"माझ्या थोरल्या भावाचं आसंच झालतं, शुगरनं," ते हळूच म्हणाले. "गाडीला काय झालं न्हाई, काका. पाय कमी-जास्त दाबला जातोय, ते तुमाला कळंना झालंय."

पप्पांनी वही मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. कंपनीत माल रिजेक्ट झाला की फोर एम तपासतात... मशीन, मटेरियल, मेथड आणि मॅन, म्हणजे ते चालवणारा माणूस. पप्पांनी तेच चार रकाने आखले होते. पहिल्या तिन्ही रकान्यांत बारीक अक्षरात गच्च लिहिलेलं होतं. चौथ्यात पहिल्याच दिवशी त्यांनी "ओके" लिहून टाकलं होतं. पप्पांनी खिशातलं पेन काढलं, त्या ओकेवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली.

चावी त्यांनी आपणहून माझ्या हातात दिली. येताना पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ब्रेकवरही पप्पांचा तोच पाय असायचा... आणि मागे आई, त्या दोन आजी.

सोमवारी डॉक्टरांनी तेच सांगितलं. शुगरने पायाच्या नसा गेल्यात, गाडी चालवायची नाही. पप्पांनी मान हलवली आणि विचारलं, बसून तर जाता येईल ना?

आज रविवार. सगळ्यांना घेऊन मी विहारात गेले, पप्पा शेजारच्या सीटवर होते. समोर गाडी थांबली की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जात होता. मी ते बघितलं. दर रविवारी गाडी चालवायला मीच येणार, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

मी त्यांना मनाचे खेळ म्हणाले, त्याची माफी अजून मागायची आहे. आणि भर रस्त्यात खाली बसून माझ्या वडिलांचा पाय हातात घेणाऱ्या दत्ताभाऊंचे आभार कसे मानायचे... मला खरंच कळत नाहीये.