राखेचं पाणी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासजवळच्या माझ्या कारखान्यात विटांवर पाणी मारत होतो. हातातली रांग पुरी केली आणि मगच निघालो... महिना होत आला, पण ती रांग मला अजून टोचते.

नाना माझे शेजारी. एका गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. मी बॉयलरच्या राखेच्या विटा पाडू लागलो तेव्हा निवृत्त नाना आपणहून माझे परीक्षक झाले. राखेची नवी गाडी आली की पेल्यात चिमूटभर ढवळून ठेवायचे आणि सकाळी वरचं पाणी बोटानं जिभेला लावायचे. काकू म्हणायच्या, "यांना चहाची चव कळत नाही, राखेची कळते."

मग बॉयलरवाल्यांनी कोळशात सोयाबीनचा भुसा मिसळायला सुरुवात केली. राख दिसायला तीच करडी. नानांनी पाणी चाखून तोंड वाकडं केलं. "भिया, रुक जा जरा. ही नुसत्या कोळशाची राख नाही. पिकातला खार उतरलाय हिच्यात, भिंतीवर फुटेल. आठ दिवस दे मला, काही तोड काढतो." मला कन्नौदच्या एका शाळेची भिंत पुरी करायची घाई होती. राखेसारखी राख, तिच्यात काय फरक असणार, असं म्हणून मी जुन्याच प्रमाणात विटा पाडल्या. पावसाळा सरला आणि भिंतीवर मीठ सांडल्यासारखा खार फुटला, विटांचे कोपरे हात लावताच झडू लागले. भिंत मी पाडून नव्यानं बांधून दिली. नानांना मात्र सांगितलं नाही. त्यांच्या दारावरून जाणंच सोडलं, मागच्या गल्लीनं जायचो. ते आजारी असल्याचं कळल्यावरही उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

तेरावं झाल्यावर काकूंनी बोलावलं. "तुझं सामान पडलंय इथं." खिडकीत पाणी घातलेल्या ताटलीत विटेचा एक तुकडा उभा होता. वीट माझीच, डोक्यावर पांढरा खार. "ती भिंत पाडली ना तू, ते यांच्या कानावर आलं. तेव्हा यांनीच बसनं कन्नौदला जाऊन आणला हा तुकडा," काकू म्हणाल्या. "रागावले नाहीत रे. येईल तो, म्हणायचे." शेजारी झाकलेले दोन पेले, त्यांवर नानांच्या अक्षरात चिठ्ठ्या. एकावर 'न धुतलेली राख', दुसऱ्यावर 'तीनदा धुतलेली'.

दुसऱ्या पेल्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. साधं पाणी, खार पार निघून गेलेला. एवढंच सांगायला नाना माझी वाट बघत होते, आणि मी मागच्या गल्लीनं जात होतो.