चौतीस पेपर, एकच वाक्य

मुलं तिला मागून ‘तोंडपाठबाई’ म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. चोवीस वर्षं ती सातवीला इतिहास आणि साहित्य शिकवत होती, आणि या चोवीस वर्षांत वर्गात पुस्तक उघडून वाचताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. खडू हातात घ्यायची, खिडकीकडे पाठ करायची, की सनावळ्या, तह, कवींची चरित्रं धडाधड बाहेर पडायची. शेवटच्या बाकावरची डुलक्या घेणारी पोरंसुद्धा जागी व्हायची.

सातवीच्या मुलांची दर वर्षी सामान्यज्ञानाची चाचणी व्हायची. इतिहास आणि साहित्य, पन्नास प्रश्न, शंभर गुण; अर्धवट बरोबर उत्तराला एक गुण. सगळ्या जिल्ह्यातून पहिल्या चाळीस मुलांना निवासी शाळेत जागा मिळायची. पुढचं सगळं शिक्षण तिथेच, राहण्याखाण्यासकट. तिच्या शाळेतली मुलं हातावर पोट असलेल्या घरांतली. त्यांना दुसरा रस्ता नव्हता. म्हणून त्या वर्षी तिने चार महिने शाळेआधी एक तास जादा घेतला होता. चौतीस मुलं, एकही दांडी नाही.

चाचणी होऊन महिना झाला, आणि एका दुपारी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर परीक्षा कार्यालयाचं पत्र होतं. समोरच्या खुर्चीत चित्रकलेचे सर मान खाली घालून बसले होते. चाचणीच्या दिवशी वर्गावर देखरेख त्यांची होती.

“बाई, आपल्या चौतीसच्या चौतीस मुलांनी एकतिसाव्या प्रश्नाचं एकच उत्तर लिहिलंय,” मुख्याध्यापक म्हणाले. “शब्दाला शब्द. कार्यालयाचं म्हणणं, सरांनी फळ्याजवळ उभं राहून उत्तर सांगितलं. निकाल रोखलाय. आठ दिवसांत खुलासा नाही गेला, तर सगळ्यांचा पेपर रद्द. आणि सर निलंबित. तोवरही त्यांनी घरीच थांबायचं.”

“मी तोंडातून शब्द काढला नाही हो,” सर म्हणाले. “एकदा पाणी प्यायलो, तेवढंच.”

“प्रश्न काय होता?” तिने विचारलं.

मुख्याध्यापकांनी वाचून दाखवला. कवी असलेल्या दोन भावांपैकी तुरुंगात कविता कोणी लिहिल्या?

ती चक्क हसली. “थोरल्या भावाने, तुरुंगाच्या भिंतीवर, कोळशाने. असंच लिहिलंय ना? अहो, मीच घटवून घेतलंय ते वाक्य. त्यात कॉपी कसली? सगळ्यांना बरोबर उत्तर येतं हा काय गुन्हा झाला?”

 मुख्याध्यापकांनी चाचणीच्या अभ्यासासाठी कार्यालयाने छापलेली पुस्तिका तिच्याकडे सरकवली. प्रत्येक शाळेला एकच प्रत आली होती. तिने ती चाळली होती, पण त्या पानावर थांबली नव्हती. कशाला थांबायचं? तो भाग तर झोपेतून उठवून विचारला तरी आला असता.

पानावर चार ओळी होत्या. तुरुंगात गेला तो धाकटा. पेन्सिलीने, वहीत लिहिल्या. थोरल्याला कधी अटकच झाली नव्हती.

तिने त्या ओळी तीनदा वाचल्या.  “बरोबर असतं तर त्यांनी कशाला विचारलं असतं, बाई?” मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच राहायच्या. ताई खिडकीशी बसून उसवलेली शिवण घालत होती. घरात शिरताच तिने चप्पलसुद्धा न काढता विचारलं, “ताई, बाबा आपल्याला त्या दोन भावांची गोष्ट सांगायचे, आठवतं? तुरुंगात कोण होता?”

“धाकटा,” ताई मान वर न करता म्हणाली.

“नीट आठव. थोरला म्हणायचे ना? भिंत, कोळसा...”

“कोळसाबिळसा काही नव्हतं. धाकटाच म्हणायचे. का गं, काय झालं?”

ती तशीच जमिनीवर बसली. येताना सगळ्या वाटेने तिने बापाला दोष दिला होता. तोही आधार गेला. कोळसा आला कुठून? किती डोकं खाजवलं तरी आठवेना. पहिल्याच वर्षी कधीतरी, वर्ग ऐकत नव्हता म्हणून, तोंडातून निघून गेला असेल. मग पुढच्या वर्षी भिंत आली असेल. मग ते खरंच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षा कार्यालयात गेली. अधिकारी तिच्यापेक्षा वयाने बराच लहान होता, पण बोलायला मर्यादशील. तिने सरळ सांगितलं, “सरांचा दोष नाही, मुलांचाही नाही. मीच चुकीचं शिकवलंय.”

त्याने पेन खाली ठेवलं. “बाई, तुमच्याबद्दल मी ऐकून आहे. तुम्ही चुकीचं शिकवाल हे मला पटत नाही. मुलांना वाचवायला तुम्ही अंगावर घेताय.”

“अहो, खरं सांगतेय मी!”

“मग दाखवा. चाचणीच्या आधीची एखादी वही आणा. तुमच्या हातची तपासलेली, तारीख असलेली. नुसत्या तोंडी सांगण्यावर मी काय करू?”

आयुष्यभर आपल्याला सगळं येतं हे पटवून द्यायला तिला कधी पुरावा लागला नव्हता. आता आपल्याला येत नाही हे पटवायला ती वणवण फिरू लागली. शाळेत जमा झालेल्या वह्या मागच्याच आठवड्यात रद्दीत गेल्या होत्या. ती रद्दीवाल्याकडे गेली. माल कारखान्यात पोचला होता. मग शाळा सुटली की घरोघर. एकाने वहीची विमानं केली होती. एकीच्या आईने फडताळात अंथरली होती, आणि नेमकी हवी ती पानं चुलीत गेली होती. एका घरी बाळाने चघळली होती. कुणी दार उघडून म्हणायचं, “बाई, पोराने काय केलं?” आणि तिला आधी त्यांचीच समजूत काढावी लागायची.

चौथ्या दिवशी ती एका केशकर्तनालयात शिरली. न्हावी तिचाच जुना विद्यार्थी, आता त्याचा मुलगा सातवीत. तिला बघताच त्याने वस्तरा बाजूला ठेवला, गिऱ्हाईक साबणासकट तसंच सोडलं आणि हात जोडले.

“वही काही सापडायची नाही, बाई. पण हवी कशाला? तुम्ही शिकवलेलं मलाच अजून पाठ आहे.” तो गिऱ्हाइकाकडे वळला आणि छाती फुगवून म्हणाला, “थोरल्या भावाने, तुरुंगाच्या भिंतीवर, कोळशाने! बघा, वीस वर्षं झाली. पोराला मी आधीच शिकवून ठेवलं होतं.”

गिऱ्हाइकाने कौतुकाने मान डोलावली. ती तशीच बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर भिंतीला हात टेकून ती उभी राहिली. एका वर्गात तीस-पस्तीस धरली, तरी चोवीस वर्षांची किती होतात हा हिशेब तिने सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

सहाव्या दिवशी ती ‘टाचणी’च्या घरी पोचली. टाचणी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत टोचरी मुलगी. उत्तर पटलं नाही तर तीनदा विचारायची. त्या दोन भावांबद्दल मात्र कधी विचारलं नव्हतं. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं, मागे एक खोली. टाचणीने पेटीतून वही काढली. कव्हर घातलेली, एकही पान न दुमडलेली. एकोणिसाव्या पानावर ते वाक्य होतं. खाली तांबड्या शाईत बरोबरची खूण, ‘छान’ आणि चाचणीच्या अडीच महिने आधीची तारीख. तांबडं अक्षर बाईंचंच.

“बाई, मी चुकीचं लिहिलं का?” टाचणीने विचारलं.

“नाही गं. मी सांगितलं तेच तू लिहिलंस.”

ती वही पदराखाली धरून दुसऱ्या दिवशी कार्यालयात धावली. अधिकाऱ्याने पान उजेडात धरून पाहिलं, उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या, बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाला, “मान्य. कॉपी नाही. सरांवर काही येणार नाही. तुम्ही लेखी लिहून द्या, निकाल सोडतो.”

तिने लिहून दिलं. मी विद्यार्थ्यांना चुकीची माहिती शिकवली. खाली सही केली. मग उठता उठता म्हणाली, “त्या प्रश्नाचे दोन गुण मुलांना द्या ना. चूक त्यांची नाही.”

“बाई, तीन हजार मुलांनी बरोबर लिहिलंय. त्यांना काय सांगू?”

 तरी ती टेबलाची कड धरून उभीच राहिली. “एखादा तरी,” ती म्हणाली. “अर्धा. पाया पडते तुमच्या.” शेजारच्या टेबलावरचे कारकून माना वर करून बघायला लागले. अधिकारी ओशाळला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, “असं करू नका हो, बाई. मला कसंतरी होतं.” पण गुण दिले नाहीत.

शाळेत चित्रकलेचे सर पुन्हा रुजू झाले. तिला दारात भेटले तेव्हा इतकंच म्हणाले, “सात दिवस घरात चूल पेटली नाही नीट.” रागावले नव्हते. पण त्यानंतर ती आली की शिक्षकांच्या खोलीतून ते उठून जायचे. पुढच्या वर्षापासून इतिहास आणि साहित्य दुसऱ्या शिक्षकांकडे, आणि तिच्याकडे हजेरीपटाचं काम, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं. 

निकाल लागला. चाळिसाव्या मुलाला बहात्तर गुण होते. तिच्या शाळेतले दोघे त्यात बसले. टाचणीला एकाहत्तर. आणखी तिघंही एकाहत्तरवरच अडकली होती. कुणालाही ते दोन गुण पुरले असते.

मुख्याध्यापक म्हणाले, “यादी फळ्यावर लागेलच, तुम्ही नका जाऊ.” पण ती गेली. इस्त्रीच्या दुकानात कोपऱ्यात एक स्टूल होतं, त्यावर बसली आणि टाचणी व तिची आई, दोघींसमोर सगळं सांगितलं. एक गुण कसा कमी पडला आणि कुणामुळे.

आईची इस्त्री एका शर्टाच्या बाहीवर थांबली, मग पुन्हा फिरायला लागली. “म्हणजे हिला आलं असतं?” तिने विचारलं.

“आलं असतं. मी शिकवलं नसतं, तर नुसती पुस्तिका वाचून बरोबर लिहिलं असतं.”

टाचणी रडली नाही. “एकच?” म्हणाली. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू अजून काहीतरी सांगायचं बाकी असेल. मग मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. 

“मी हिला रोज शिकवायला येईन,” ती म्हणाली. “पुढच्या कुठल्याही परीक्षेला. पुस्तक उघडं ठेवून शिकवीन.”

आईने शर्टाची घडी घातली, गठ्ठ्यावर ठेवली, दुसरा ओढला. मग म्हणाली, “राहू द्या, बाई. आता तिचं ती बघेल.” आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “आणि जरा सरकता का? कपडे ठेवायचेत तिथे.”

ती उठली. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. ते उघडलं नाही. रस्त्यावर उन्हं अजून होती. पिशवीतून तिने चिठ्ठी काढली. उरलेल्या तिघांचे पत्ते त्यावर लिहिले होते. पहिलं घर पुलापलीकडे होतं. ती चालायला लागली.