माफी मागणारा ससा

लेखिकाबाईंच्या बालकथांमध्ये शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांची भांडणं मिटायची. सख्ख्या धाकट्या बहिणीशी मात्र त्यांचा वर्षभर अबोला होता, कारण आईचं शिलाई मशीन त्यांनी तिला न विचारता उचलून आणलं होतं. त्यांच्या नव्या पुस्तकात ससा खारीची माफी मागतो. ते वाचून बहिणीने फोन केला.

"ताई, तुझा ससा बरा. निदान माफी तरी मागतो."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी दुसऱ्या दिवशी रिक्षात मशीन घालून त्या बहिणीच्या दारात हजर झाल्या. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द काही केल्या तोंडातून फुटेनात. शेवटी म्हणाल्या, "सुई बदलून घे, बोथट झालीय."

बहिणीने हसू दाबत मशीनची दुसरी बाजू धरली.