पान चौदा, क्रमांक चार

चिंधूनं एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये काढली. गाव सांगा, साल सांगा. हा माणूस जागेवरून न उठता गठ्ठा सांगायचा, पान सांगायचा, आणि मग शिडी लावून कागद काढून द्यायचा. नावांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एका नावाची अकरा माणसं निघतात, पण पानाचा नंबर एकदा पडला की पडला, असं तो नव्या कारकुनांना सुनवायचा. निवृत्त होऊन अड्याळला परतला आणि सहा महिन्यांत पार कोमेजला. जेवायचा, ओट्यावर बसायचा, पुन्हा जेवायचा.

मग मुलीच्या लग्नाचं काम निघालं. प्रतिक्षा भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स, रोज एसटीनं जाणारी-येणारी, वय एकोणतीस. आलेली एकोणीस स्थळं तिनं नाकारली होती आणि कारण विचारलं की ‘असंच’ म्हणायची. शेवटी तिनंच बापाच्या मोबाइलवर लग्नं जुळवणारी एक वेबसाइट उघडून दिली. सहाशे चाळीस मुलं! एका पानावर दहा, आणि तळाशी एक, दोन, तीन करत थेट चौसष्टपर्यंत आकडे. चिंधूला जणू त्याची रेकॉर्डरूम परत मिळाली. शंभर पानी वही आली, लाल पेन आलं, रोज दोन पानं तपासायची असा नेम ठरला. संध्याकाळी ड्यूटीवरून आली की प्रतिक्षा शेजारी बसायची. तो एकेक मुलगा दाखवायचा, ती मान हलवायची, तो फुली मारायचा. निम्मे चेहरे आधी पाहिल्यासारखे वाटायचे खरे. पण सगळ्यांचा तोच काळा चष्मा, तीच मोटारसायकल, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही.

सातव्या संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, याले विचारा.”

चिंधूनं मुलाकडं पाहिलंच नाही. तो पोरीच्या तोंडाकडं बघत राहिला. ती इतकी खुलली होती की त्याला भलतंच बरं वाटलं. भानावर आला तेव्हा त्यानं वहीत ठळक लिहिलं: १४/४. नाव लिहायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला जावई दाखवायला त्यानं चौदावं पान उघडलं. चौथ्या क्रमांकावर पुण्याचा एक ठेकेदार होता, टक्कल पडलेला, बिजवर.

“हा?” मंगलाबाईनं मोबाइल हातात घेतला. “पोरीनं हा पसंत केला?”

“हा नाई! याच्यावर तं काल फुली मारली होती.”

त्यानं मोबाइल बंद केला, चालू केला. ठेकेदार जागचा हलेना. चुकलेला कागद नेहमी अलीकडच्या पानांत सापडतो, हा जुना अनुभव. म्हणून तो तेरा, बारा, अकरा असा मागं मागं गेला. परवा अकराव्या पानावर फुली मारलेला पोस्टमन तेराव्यावर हसत बसला होता. पहिल्या पानावरचे दहाच्या दहा जण तर त्यानं जन्मात पाहिले नव्हते. वही खोटी, डोळे खोटे की मोबाइल खोटा, हेच त्याला कळेना.

तो तडक बाजारात गेला. तिथं ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या गुड्डीचं दुकान होतं.

“जयभीम काका. अवो, हे काई दप्तरातले पानं नाईत,” ती म्हणाली. “नवीन पोरगा आला का सगळ्याइच्या वर बसते. बाकीचे खाली सरकतात, शेवटचे गळतात.”

“नवा माणूस रांगेत मांगं उभा राहते,” चिंधू तापला. “वर येऊन बसाचं, हा कोणता कायदा?”

“नाव सांगा, मी शोधून देते.”

“नाव कोण लिहिते?”

“बरं, तोंड तं आठवत असन?”

चिंधूनं मोबाइल खिशात घातला आणि तो घरी आला. एकोणीस नकारांनंतर पोरीनं एकदा हो म्हटलं, आणि ते आपण हरवलं. आपण, ज्यानं एकतीस वर्षांत एक चिठ्ठी हरवली नाही! दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. चौसष्ट पानं त्यानं दोनदा पालथी घातली आणि प्रत्येक तिसरा मुलगा त्याला तोच वाटला.

तिसऱ्या संध्याकाळी प्रतिक्षानं विचारलं, “विचारलं का बाबा?”

“हरवला तो माझ्याच्यानं,” चिंधू कसाबसा बोलला. “मी फक्त पान लिवलं. तोंडही पाहिलं नाई.”

तिनं वही त्याच्या पुढ्यात सरकवली. मग म्हणाली, “अंकुश नाव आहे. एकोडीच्या शाळेत मास्तर आहे. नंबर लिहा.” आणि तिनं दहाही आकडे कुठं न बघता सांगितले.

चिंधूचं पेन थांबलं. “नंबर तं तिथं दिसतच नाई. तुले कुठून माहीत?”

“दोन वर्षं झाले, ओळखते मी त्याले. शाळेतल्या पोराचा हात मोडला तवा घेऊन आला होता दवाखान्यात.”

“मंग तो त्या वेबसाइटवर काहून?”

“मीच नाव टाकाले लावलं. म्हटलं, तुमाले सापडन. तुमी रोज दोन पानं पुढं जा, अन् तो रोज एक पान खाली सरके. सात दिवस वाट पाहिली.”

मंगलाबाई चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

“सरळ सांगतलं असतं तं मी नाई म्हणलो असतो का?” चिंधूचा आवाज दुखावलेला होता.

“नसते म्हणले,” प्रतिक्षा म्हणाली. “पण तुमी किती हौसेनं वही आणली होती बाबा. सहा महिन्यांत पहिल्यांदा तुमी हसून बोलून राहिले होते. मी सांगितलं असतं तं ते त्याच दिवशी संपलं असतं.”

चिंधू वहीकडं बघत राहिला. रागवावं की काय करावं ते त्याला उमगेना. मग त्यानं मान वर केली.

“मंग उरलेले पन्नास पानं कोण पाहीन?” त्यानं खरोखरच गोंधळून विचारलं, आणि ते ऐकून मंगलाबाईला हसू आवरेना, प्रतिक्षाच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.